डोरीनला ओल हवी

सुनीतीताई गेली होती सेकंडहँड फ्रीजर घ्यायला आणि परत आली ती एक बोट विकत घेऊन. बारा वर्षं झाली त्याला. तिचा नवरा सुशील अजूनही पाहुण्यांना हे सांगताना 'फ्रीजर' शब्दापाशी थांबतो आणि स्वयंपाकघराच्या मोकळ्या कोपऱ्याकडे हात करतो. फ्रीजर आजतागायत आलेला नाही.

दोघं न्यूझीलंडात हॅमिल्टनला राहतात, 'ते रापा' नावाच्या भागात. तो सॉफ्टवेअरवाला. ती दुधाच्या कारखान्यात मेंटेनन्स फिटर. पुण्याहून डिप्लोमा करून आलेली बाई पंपाची सीलं बदलते, हे इथल्या मराठी मंडळातल्या काही लोकांच्या अजून गळी उतरलेलं नाही. "तुम्ही ऑफिसमध्येच असता ना?" असं दर गणपतीला कोणीतरी तिला विचारतंच. ती म्हणते, "नाही हो, पंपाखाली असते." आणि मोदक घेऊन पुढे सरकते. मी असते तर मोदक बाजूला ठेवून आधी त्या माणसाचा समाचार घेतला असता. पण सुनीतीताईला राग यायला वेळ लागतो, आणि तो येईपर्यंत तिचं दुसरं काहीतरी काम निघतं.

बोटीचं नाव डोरीन. तिची जागा हॅमिल्टनपासून तासाभराच्या अंतरावर, हौराकीच्या मैदानात, नाटीआ गावाजवळच्या कालव्यात. शंभर वर्षांमागे हे मैदान म्हणजे नुसती दलदल. कालवे खणून पाणी काढलं आणि गाईंसाठी कुरणं केली. ज्या लोकांची ती दलदल होती, ज्यांचं पोट त्यातल्या ईल माशांवर चालायचं, त्यांना काय विचारलं आणि काय नाही, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लेख मी लिहिणार आहे. तर, रस्ते चिखलात रुतायचे म्हणून शेतकऱ्यांचं क्रीम कारखान्यात जायचं ते कालव्यातून. शेताच्या टोकाला लाकडी धक्का, धक्क्यावर क्रीमचे उंच कॅन, सकाळी बोट यायची आणि एकेक धक्का घेत कॅन उचलून न्यायची. डोरीन त्या कामाची. कौरी लाकडाची, लांब, बुटकी, उथळ पाण्यात चालावी म्हणून तळाला सपाट. दिसायला सुंदर वगैरे मुळीच नाही. राबणारी बाई दिसते तशी दिसते.

फ्रीजर विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये ती पडली होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. म्हातारा म्हणाला, या हिवाळ्यात फोडून शेकोटीला लावणार. सुनीतीताई आत चढली, कोंबड्यांना बाजूला केलं, इंजिनावरची घाण बोटाने खरवडली आणि हाताने चाक फिरवून बघितलं. फिरलं. तेवढंच. त्यापुढचं सगळं त्या फिरलेल्या चाकामुळे झालं.

माझी तिची ओळख भांडणातली. माझ्या बहुतेक ओळखी तिथल्याच आहेत. कालव्यावरून एक पाइप आडवा टाकायचं घाटत होतं, इतका खाली की डोरीन पलीकडे जाऊच शकली नसती. त्यावर कौन्सिलची बैठक होती, तिथे मी गेले होते ते भाडेकरूंच्या ओल्या, बुरशी धरलेल्या घरांचं गाऱ्हाणं घेऊन. कायदा मला कॉलेजात कोणी शिकवलेला नाही, तो मी लायब्ररीत बसून वाचलाय, त्यामुळे तो मला पाठ आहे. माझ्या आधी ही बाई उठली आणि टेबलामागच्या लोकांना तिने एकच प्रश्न विचारला: "कालवा कशासाठी असतो?" टेबलामागचे लोक कागद चाळायला लागले. मग उत्तर मी दिलं, माझी पाळी नसताना. अध्यक्षांच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी मला दोनदा खाली बसायला सांगितलं. पाइप शेवटी वरून गेला.

तेव्हापासून वर्षातून एकदा मला फोन यायचा. "नीता, जुने कपडे घाल आणि ये." बोट रुळांवरच्या ट्रॉलीवर घेऊन कालव्याबाहेर, काठावरच्या शेडमध्ये ओढायची, बुडाचं शेवाळ खरवडायचं, फळ्यांमधल्या फटींतला जुना कापूस उपसून नवा ठोकायचा, वरून पुट्टी, मग रंग. कापसाच्या लांब वाती लाकडी हातोड्याने फटीत बसवायच्या असतात. ती म्हणायची, "आमच्या आईंनी देवासाठी वळल्या, मी हिच्यासाठी वळते. देव रागावला नाही अजून." हे सगळं पाठीवर झोपून, नाकावर शेवाळ पडत असताना. आठवड्यात काम उरकायचं आणि बोट पाण्यात. का घाई, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "लाकूड पाणी पिऊन फुगलेलं असतं, म्हणून फळीला फळी घट्ट बसते. फार दिवस बाहेर ठेवली तर सुकते." एवढं बोलून पुन्हा हातोडा. माझ्या ते डोक्यात राहिलं. सुशीलदादाच्या राहिलं नाही, कारण तो बिचारा दर वर्षी त्या वेळी डबे घेऊन येण्याच्या कामावर असायचा.

मग तिचा खुबा गेला. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि वर सांगितलं की यापुढे बोटीखाली झोपायचं नाही. मुलगी अस्मिता पोरिरुआहून फोनवर म्हणाली, "आई, जस्ट सेल इट. यू'व्ह डन इनफ." सुनीतीताईने तिसऱ्या दिवशी विकायचं ठरवलं. अट एकच घातली. डोरीन पाण्यात राहिली पाहिजे आणि तिने काम केलं पाहिजे. शोभेला द्यायची नाही.

गिऱ्हाइकं दोन आली. पहिली नायरी. स्कूल बस चालवून निवृत्त झालेली, ओठात शिट्टी, हातात मातीने माखलेले मोजे. ती आणि तिचा गट कालव्याच्या काठांवर हाराकेके, मानुका अशी इथलीच मूळची झाडं लावतात. पलीकडच्या काठाला रस्ता नाही, रोपांचे ट्रे हे लोक पाठीवर वाहून नेत होते. "तिने कॅन नेले, आता रोपं नेईल," नायरी म्हणाली. गटाकडे पैसे होते, पण बोट तपासणारा माणूस बोट तरंगताना बघून 'ठीक' म्हणाला तरच ते हलणार होते.

दुसरा देवव्रत. न्यू लिनला त्याचं रेस्टॉरंट आहे. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला जेवण त्याचं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध कोणी बोलत नाही. त्याला डोरीन हवी होती ती रेस्टॉरंटसमोर, सिमेंटच्या चौथऱ्यावर. आत टेबलं, बाहेर दिव्यांच्या माळा.

"हेरिटेज डायनिंग, वहिनी! लोक गाडी थांबवून फोटो काढतील."

"आणि पोट कापून दार करणार," मी म्हटलं.

"करावंच लागेल. व्हीलचेअर आत आली पाहिजे. त्यासाठी तूच मोर्चे काढतेस ना, नीता?"

माझाच मुद्दा त्याने माझ्यावर उलटवला. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं.

सुनीतीताईने देवव्रतला नम्रपणे नाही म्हटलं. तो म्हणाला, ठीक आहे, पण नायरीचं जमलं नाही तर मी आहेच. आणि तिने मान डोलावली. तिला डोलवावीच लागली. ऑपरेशननंतर कित्येक महिने ती बोटीकडे बघू शकणार नव्हती, आणि पाण्यातल्या लाकडी बोटीकडे कोणी बघितलं नाही तर ती गाळात जाते.

वार्षिक कामासाठी डोरीन ट्रॉलीवर चढवली, रंग झाला, आणि पुण्याहून बातमी आली की सुनीतीताईच्या भावाच्या मुलाचं लग्न पुढे आलं. आता या खुब्यानिशी पुन्हा जाणं कधी होणार? ती गेली. जाताना सुशीलदादाला सांगून गेली, रविवारी पाण्यात सोड.

सुशीलदादाने सोडली नाही. त्याला वाटलं, तीन आठवड्यांनी लोक बघायला येणार आहेत, तेव्हा चांगली नटवून ठेवू. वधूपक्षाचा उत्साह आला त्याच्या अंगात. मंडळातली चार मंडळी धरून नेली. पितळेच्या कड्या पितांबरीने घासल्या, डेकला वॉर्निश लावलं, शेडचे दरवाजे लावून घेतले. सगळं झकास झालं, फक्त आत कुबट वास येत होता. आता न्यूझीलंडला आलेल्या मराठी माणसाला वासातून एकच शत्रू ओळखता येतो: ओल. इथल्या लाकडी घरांत पहिल्याच हिवाळ्यात सूटकेसमधल्या पैठणीवर बुरशी येते आणि माणूस जन्मभरासाठी शहाणा होतो. ओल शोषणारं यंत्र, डीह्युमिडिफायर, आमच्या घरांत देव्हाऱ्याच्या खालोखाल मानाचं. सुशीलदादाकडे दोन आहेत. त्यातलं मोठं त्याने डोरीनच्या पोटात नेऊन ठेवलं आणि रात्रंदिवस चालू ठेवलं. रोज जाऊन टाकी ओतून यायचा. पुण्याला फोनवर म्हणायचा, "तुला सरप्राइज आहे."

सुनीतीताई शुक्रवारी उतरली आणि शनिवारी सकाळी आम्ही तिघं तिथे गेलो. डोरीन अशी चमकत होती की नवरीने लाजावं. सुनीतीताई शिडीने आत उतरली. दोनचार ठिकाणी फळ्या ठोकल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "नीता, आत ये जरा."

मी उतरले. फळ्यांमधून बाहेरचा उजेड दिसत होता. एक नाही, दोन नाही, पोटाच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या रेघाच रेघा.

वरून सुशीलदादा म्हणाला, "वास गेला की नाही? रोज टाकी भरून पाणी काढलं मी हिच्यातून!"

"अरे," सुनीतीताई म्हणाली, "ते तिचं पाणी होतं."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो ट्रॉलीच्या रुळावर बसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "तूच तर सांगत फिरतेस, ओल म्हणजे आजार."

"घराला सांगते, दादा! घर कालव्यात ठेवतं का कोणी?"

"भांडू नका," सुनीतीताई म्हणाली. "हात लावा. पाण्यात घालायचीय."

वेळ नव्हता. तपासणाऱ्या माणसाला सोमवार दुपार सोडली तर पुढचा महिनाभर सवड नव्हती. सोमवारी संध्याकाळी त्याच ट्रॉलीवर दुसरी बोट चढणार होती. म्हणजे सोमवारी डोरीन तरंगली तर नायरीची. नाही तरंगली तर देवव्रतची, आणि देवव्रतने क्रेनवाला ट्रक सोमवारसाठी सांगूनही ठेवला होता. माणूस धंद्यात का वर आलाय ते कळतं.

समुद्राच्या भरतीचं पाणी कालव्यात चढलं तशी आम्ही ट्रॉली खाली सोडली. पाणी फळ्यांना लागलं आणि सगळीकडून आत यायला लागलं. चाळण परवडली. नायरी आणि देवव्रत दोघंही तेव्हाच पोचले, आणि दोघांच्या समोर नटलेली डोरीन गळ्यापर्यंत भरली. ट्रॉलीवर होती म्हणून बुडाली नाही एवढंच.

देवव्रतच्या चेहऱ्यावरचा आनंद त्याला लपवता येईना. "वहिनी, कशाला तिचे हाल? पाणी सोसवत नाही तिला आता. म्हातारीला पाय टेकायला जमीन द्या."

"तिला तहान लागलीय," सुनीतीताई म्हणाली. "पिऊ दे."

"आपला माणूस आहे तो," सुशीलदादा तिला हळूच म्हणाला. अपराधी माणूस लवकर तोडगा शोधतो. "निदान नीट ठेवेल तरी."

"सुशील, तू बादली आण."

मी देवव्रतला काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. तोही काही कमी बोलला नाही. नायरीला मराठी येत नाही, पण तिने शिट्टी थांबवून ऐकलं आणि 'झकास' म्हणायच्या इथल्या पद्धतीने म्हणाली, "स्वीट अ‍ॅज. आता कोण बादली धरणार?"

रविवारी भरती आली की बोट भरू द्यायची, ओहोटी लागली की उपसायची, बाहेरून ओली गोणपाटं लावायची. उपसताना सुनीतीताई टॉर्च घेऊन फळीफळीवर हात फिरवायची. संध्याकाळपर्यंत वरच्या रेघा मिटत आल्या. देवव्रत त्या दिवशी ट्रकसाठी मापं घ्यायला आला होता. माप घेता घेता त्याची एक चप्पल चिखलात गेली, ती काढायला वाकला तर नायरीने त्याच्या हातात बादली दिली. तो म्हणाला, मी फक्त मापं घ्यायला आलोय. ती म्हणाली, पाण्याचंच माप आहे हे. मग तो अंधार पडेपर्यंत तिथेच होता. किचनमध्ये वाढलेला माणूस, पातेली उपसायची सवय. बादल्या माझ्या दुप्पट टाकल्या त्याने, हे मान्य करायला हवं.

एकदा थांबून त्याने फळीवर तळहात टेकवला. "वहिनी, ही फळी काल अशी नव्हती."

"नव्हतीच. काल सुकलेली होती."

"चौथऱ्यावर ठेवली की अशीच होईल का? कालच्यासारखी?"

"रोज थोडी थोडी," सुनीतीताई म्हणाली. तिने टॉर्च पुढच्या फळीवर नेला. मी पुढे काही जोडणार होते, तिने माझा पाय दाबला.

सोमवारी सकाळी पंप लावून बोट रिकामी केली आणि भरतीला डोरीन ट्रॉलीवरून उचलली गेली. स्वतःहून. जराशी डुलली आणि सरळ उभी राहिली. सुशीलदादाने टाळ्या वाजवल्या, मग थांबला, कारण पंप थांबत नव्हता. मागच्या बाजूला, अगदी खालच्या फळीच्या फटीतून पाणी येतच होतं. पंप बंद केला की ती बसायला लागायची. तपासणारा माणूस जेवण आटपून येणार होता. रस्त्यावर क्रेनवाला ट्रक येऊन उभाही राहिला होता आणि त्याचा ड्रायव्हर खिम्याचं पॅटिस खात आमच्याकडे बघत होता.

नायरी म्हणाली, "लाकडाचा भुसा हवा. माझे आजोबा डब्यात भुसा भरून काठीने फटीखाली धरायचे. पाणी आत ओढलं जातं, ते भुशाला घेऊन जातं. भुसा फटीत फुगतो." सुशीलदादा गाडी काढून गावात गेला आणि हात हलवत परत आला. दुकानात होत्या त्या लाकडाच्या जाड ढलप्या, भुसा नाही.

तो पुन्हा पंपाशी जाऊन बसला. सुनीतीताई डेकवर बसली होती, खुबा सांभाळत, एक पाय लांब करून. ट्रककडे ती बघत नव्हती.

देवव्रत माझ्या शेजारी उभा होता. त्याने मान खाजवली. एकदा ट्रककडे बघितलं, एकदा स्वतःच्या व्हॅनकडे. मग व्हॅनपाशी गेला, मागचं दार उघडलं आणि एक पिशवी घेऊन आला. मानुकाच्या लाकडाचा भुसा. इथे मासे धुरवायला वापरतात, तो पनीर धुरवतो. मैद्यासारखा बारीक.

सुनीतीताई म्हणाली, "देवव्रत, काय देतोयस कळतंय ना तुला?"

"वहिनी, लवकर घ्या. माझं मन बदलेल."

नायरीने तळाला भोकं पाडलेला रंगाचा रिकामा डबा काठीला बांधला, भुशाने भरला, उलटा करून बोटीच्या मागच्या बाजूला पाण्याखाली धरला आणि हळूहळू हलवत राहिली. आत सुनीतीताई फटीवर हात धरून. आम्ही वर. पंपाचं पाणी जाड पडत होतं, मग बारीक झालं, मग अडखळायला लागलं. मग नुसती हवा. सुशीलदादाने पंप बंद केला. आम्ही सगळे त्या बंद पंपाकडे असे बघत होतो की तो काहीतरी बोलणार आहे.

"आतून जेवणाचा वास येतोय," सुनीतीताई खालून ओरडली.

तपासणारा माणूस आला, फळ्या ठोकल्या, टोच्याने टोचून बघितल्या, पालथा पडून तळाशी नाक लावलं. उठला आणि म्हणाला, लाकूड त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा चांगल्या तब्येतीत आहे, फक्त बोटीत स्मोक्ड फिश कोणी सांडलं? नायरीने तिथेच सुनीतीताईला मिठी मारली. ट्रक रिकामा परत गेला. देवव्रतने ड्रायव्हरला गरम डबा दिला आणि पाठीवर थाप मारली. मी जाऊन त्याला म्हटलं, शनिवारचं मी मागे घेते. तो म्हणाला, "मी नाही घेत. तू तशीच आहेस." त्याला चहा पाजला, तो बिघडलेला आहे असं त्याने सांगितलं, आणि आमचं पुन्हा वाजलं.

सुनीतीताईने त्याला डोरीनबरोबर आलेला एक जुना क्रीमचा कॅन दिला. तो आता न्यू लिनला त्याच्या दारात आहे, लोक त्यात ओल्या छत्र्या ठेवतात. वृक्षारोपणाच्या दिवशी जेवण त्याचंच असतं.

ऑपरेशन नीट झालं. सुनीतीताई काठी घेऊन चालते, पुढच्या महिन्यात काठीही सुटेल. पहिल्या फेरीला नायरीने तिला नेलं, रोपांच्या ट्रेंच्या मधे खुर्ची टाकून. इंजिन दुसऱ्याने चालू केलेलं तिला पहिल्यांदाच ऐकायला मिळालं. ती म्हणाली, "आतून इतकं बरं वाजतं हे मला ठाऊकच नव्हतं, मी नेहमी काय बिघडलंय तेवढंच ऐकायची." पलीकडच्या काठाला रोपं उतरवली, परत येताना बोट हलकी झाली होती आणि सुनीतीताई खुर्चीतच झोपली.

यंदाचा उन्हाळा कडक गेला. पाऊस नाही, वारा गरम. लाकडी डेकवर अशा दिवसांत संध्याकाळी पाणी मारावं लागतं, नाहीतर वरच्या फळ्या सुकून उघडतात. नायरीच्या गटाला ते माहीत आहे, त्यांनी पाळ्या लावल्यात. तरी ऑफिस सुटलं की सुशीलदादा आठवड्यातून दोनदा ते रापाहून तासभर गाडी चालवत तिथे जातो. मी एकदा बरोबर होते. नायरीच्या माणसाने आधीच पाणी मारलेलं होतं, डेक चांगलं ओलं होतं.

"झालंय की, दादा."

"असू दे," तो म्हणाला. बूट काढले, पँट दुमडली, कालव्यात बादली बुडवली आणि डेकवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओतत गेला. मग वाकला, फळीवर हात ठेवला, आणि समाधानाने दुसरी बादली भरायला गेला.